टोआप्लानची यादी करताय? टायटल स्क्रीनला पुरावा मानू नका

टोआप्लान या जपानी कंपनीच्या आर्केड खेळांची (नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवरच्या खेळांची) यादी तुम्ही करताय आणि ती जुळत नाहीये. तुमच्या तक्त्यात हिशोझामे, फ्लाइंग शार्क आणि स्काय शार्क हे तीन वेगळे खेळ आहेत, निर्माता कुठे टाइटो तर कुठे रोमस्टार (हे दोघे वितरक). हा घोळ चांगलाच ओळखीचा आहे. तिन्ही एकच, १९८७ चा टोआप्लानचा आर्केड खेळ.

टोआप्लान खेळ बनवायची, विकायचे बरेचदा दुसरेच. त्यामुळे पडद्यावर बहुतेकदा परवाना घेणाऱ्याचं नाव दिसतं. 'स्नो ब्रदर्स २' (१९९४) वर तर हानाफ्राम या दुसऱ्याच कंपनीचं नाव लिहिलंय!

स्वतः तपासायचं तर मेममध्ये (जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) टोआप्लानचा ट्रक्स्टन लावा, टॅब दाबा, डिप स्विचेस (यंत्राच्या सेटिंग) किंवा मशीन कॉन्फिगरेशनमध्ये टेरिटरी शोधा, जपान करा आणि एफ३ ने रीसेट करा. त्याच रॉमवर (खेळाच्या चिपमधल्या मजकुराची फाइल) आता 'तात्सुजिन' दिसेल. (रॉमच्या कायदेशीरपणाबद्दल मला विचारू नका, मी वकील नाही.) म्हणून मोजणी जपानी नावानेच करा. परदेशी नावं, आर्केडचं वर्ष, वितरक, घरगुती आवृत्ती आणि ती कोणी केली, यांना वेगवेगळे रकाने ठेवा.

शेवटचा रकाना लोक हमखास गाळतात आणि तिथेच सगळं बिघडतं. निन्टेन्डोवरचे टोआप्लानचे टायगर-हेली आणि ट्विन कोब्रा मायक्रोनिक्सने केले, स्काय शार्क सॉफ्टवेअर क्रिएशन्सने. ते धक्के खात चालतात म्हणून टोआप्लानला नावं ठेवणं म्हणजे शुद्ध अन्याय. टोआप्लानच्याच झीरो विंगचं ते गाजलेलं मोडकंतोडकं इंग्रजीही १९८९ च्या आर्केडमध्ये नाहीच, ते मेगा ड्राइव्ह या घरगुती यंत्राच्या युरोपीय आवृत्तीतलं.

फ्लायरच्या (खेळाच्या जाहिरातपत्रकांच्या) प्रतींसाठी संग्रहसंस्थांच्या मागे लागू नका, असं माझं मत. एका ठिकाणी (नाव घेत नाही) प्रत मागितली की आधी फ्लायरचा क्रमांक विचारतात. तो क्रमांक फ्लायरवरच छापलेला असतो! असल्या पत्रव्यवहारात महिने जातात आणि यादी तिथेच अडते. लिलावाच्या साइटवरचे खेळाच्या मूळ सर्किट बोर्डाचे फोटो बरे. चिपवरचे लेबल वाचता येतात.

आता 'वारसदार' कंपन्या. १९९४ ला टोआप्लान बुडाली, तिथली माणसं केव्ह, ताकुमी, गझेल या खेळ बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये गेली. रायझिंग या कंपनीला मात्र त्या रांगेत बसवू नका. त्यांचा माहो दाइसाकुसेन हा खेळ १९९३ चा, म्हणजे टोआप्लान चालू असतानाचा. हार्डवेअर मात्र टोआप्लानचं. क्युक्योकु टायगर २ हाही ताकुमीचा, तो टोआप्लानच्या खात्यातून काढा.