गॅरेज कट्टा: 22 हजारांची आर15 घेऊ का?

प्रश्न: दादा, नमस्कार. मी कराडचा, नुकताच जॉबला लागलोय. इथं एकाकडे 2010 ची यामाहा आर15, म्हणजे पहिलं व्ही1 मॉडेल, दोन वर्षं शेडमध्ये पडून आहे. 22 हजार म्हणतोय. उजवीकडचं फेअरिंग (बाजूचं प्लास्टिक कव्हर) फुटलंय, टाकीला पोचा आहे, गाडी चालू होत नाही पण तो म्हणतो फक्त बॅटरी गेलीय. आरसी अजून पुण्यातल्या पहिल्या मालकाच्या नावावर आहे, सह्या केलेले फॉर्म देतो म्हणाला. माझं बजेट सगळं मिळून 50 हजार. स्वतः शिकत शिकत रिस्टोर करायचीय. घेऊ का?

उत्तर: भावा, फक्त बॅटरी गेली असती तर त्याने नवीन टाकली असती, गाडी चालू करून दाखवली असती आणि तुला 40 सांगितले असते. नाही टाकली ना? मग इंजिन बंद आहे असंच धरून भाव कर.

पण इंजिनच्या आधी पेपर, कारण तुझ्या केसमध्ये खरी अडचण तिथंच आहे. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं असतं, म्हणजे 2010 ची गाडी 2025 मध्ये संपली. आता फॉर्म 25 भरून, गाडी आरटीओत दाखवून, पर्यावरण कर भरून पुढची 5 वर्षं मिळतील, आणि दाखवायची म्हणजे ती चालू, ब्रेक लाइट इंडिकेटर सगळं ठीक, इन्शुरन्स भरलेला, एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावलेली अशी पाहिजे. म्हणजे नावावर करायच्या आधी गाडीवर पैसे घालायचे आणि मूळ मालक सापडलाच नाही तर? गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वरच्या जुन्या सह्यांवर विसंबू नकोस. आता बरंचसं काम ऑनलाइन असतं, मूळ मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो, तो माणूस फोन उचलणारा आणि मदत करणारा पाहिजे. त्याच्याशी स्वतः बोल. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 लागणार. एमपरिवहन या सरकारी अॅपवर नंबर टाकून चलन किती पेंडिंग आहेत तेही बघ. आणि चेसिस नंबर, इंजिन नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवून बघ, खरवडल्यासारखा वाटला तर तिथूनच परत फिर, फुकट दिली तरी नको.

हे सगळं जमलं तरच गाडीकडे जा.

आर15 ची मेन गोष्ट म्हणजे तिचा डायासिल सिलिंडर. हा अॅल्युमिनियम सिलिकॉनचा असतो, आत लोखंडी लायनर नसतो, त्यामुळे साध्या गाडीसारखा बोअर करून (सिलिंडर आतून मोठा कापून) ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा विषयच नाही. आतून रेघा पडल्या की ब्लॉक (म्हणजे अख्खा सिलिंडर) आणि पिस्टन दोन्ही नवीन. लेथवाले लायनर ठोकून देतो म्हणतात, पण मला ते पटत नाही, शिकायच्या पहिल्या गाडीवर तर नकोच. म्हणून इंजिन जाम आहे का ते आधीच बघायचं. स्पार्क प्लग काढ, भोकातून थोडं इंजिन ऑइल सोड, एक रात्र तसंच ठेव, दुसऱ्या दिवशी गाडी टॉप गिअरला टाकून मागचं चाक हाताने हळू फिरव. फिरलं तर बोलणी सुरू. अडलं तर उड्या मारून फिरवू नकोस, तो ब्लॉक गेला असं समज. मालक एक रात्र थांबू देत नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

ऑइल भरायचं झाकण उघडून बघ, आत दुधाळ चहासारखा थर दिसला तर पाणी मिसळलंय. ही गाडी लिक्विड कूल्ड आहे, कूलंटच्या जागी नळाचं पाणी घालणारे महाभाग खूप, मग वॉटर पंपाचं सील जातं. दोन वर्षं उभी म्हणजे टाकीतलं पेट्रोल कुजलेलं असणार, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते, इंजेक्टर आणि पेट्रोल पंप चोक होतात. मोबाइलचा टॉर्च लावून टाकीत बघ. बाहेरचा पोचा मला चालेल पण आतला गंज नको.

पुढच्या फोर्कच्या (शॉकअपच्या) पाइपवर गंजाचे खड्डे असले तर नवीन सील लगेच फाटणार. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ते जिथं अडतं तो स्टॉपर बघ, तुटला किंवा चेपला असेल तर समोरून जोरात धडकलेली गाडी आहे, आणि आर15 ची डेल्टाबॉक्स चेसिस (गाडीचा सांगाडा) वाकलेली सरळ करायच्या नादाला तू लागू नकोस. टायरवर चार आकडे असतात, 3218 म्हणजे 2018 चा 32 वा आठवडा. नक्षी कितीही छान असू दे, एवढा जुना टायर बदलायचाच.

आता फेअरिंग. सगळे इथंच फसतात. गाडी 22 हजाराला घेतात आणि पॅनल, ब्रॅकेट, हेडलाइट, स्टिकर यातच बजेट संपतं. घ्यायच्या आधी फुटलेल्या प्रत्येक पार्टचा फोटो काढ, पार्ट काउंटरला रेट विचार, सेकंडहँडसाठी पुण्यात नाना पेठेत एक चक्कर टाक. व्ही2 म्हणजे पुढच्या मॉडेलचे पॅनल न विचारता घेऊन येऊ नकोस, सगळे बसतीलच असं नाही.

माझं मत विचारशील तर पेपर क्लिअर होत असतील, चाक फिरत असेल आणि 14-15 हजारात देत असेल तर घे. 22 ला नको. आणि हो, ब्रेक, टायर, चेन स्प्रॉकेट आधी, कलर सगळ्यात शेवटी.

प्रश्न: मी नाशिकचा, वय 46. कॉलेजात असताना घेता आली नाही म्हणून आता जुनी हिरो होंडा करिझ्मा शोधतोय, पार्ट मिळतील का? नवीन करिझ्माचे चालतील का?

उत्तर: काका, घरी स्वतः उघडझाक करायची असेल तर आर15 पेक्षा ही बरी. 2003 ची मूळ करिझ्मा म्हणजे 223 सीसी, एअर कूल्ड आणि कार्ब्युरेटर, बोअर करून पिस्टन टाकता येतो, कोणताही जुना मिस्त्री डोळे झाकून उघडेल. नंतर 2009 ला आलेली करिझ्मा झेडएमआर मात्र फ्युएल इंजेक्शनची आहे, ती वेगळी, घेताना नीट विचारा. 2023 ला आलेली करिझ्मा एक्सएमआर 210 सीसीची, लिक्विड कूल्ड. नाव तेच पण इंजिन पूर्ण वेगळं, तिच्या पार्टच्या भरवशावर जुनी घेऊ नका. इंजिनचं सामान मिळून जाईल, बॉडी पार्ट आणि मीटरसाठी मात्र वेळ लागेल, त्यामुळे मीटर चालू असलेलीच बघा.

प्रश्न: काळ्या गाडीला पिवळा कलर मारला तर चालेल का? आणि मोकळा सायलेन्सर?

उत्तर: कलर मारा, पण आरटीओत आरसीवर नोंद करून घ्या, नाहीतर पुढे नावावर करताना अडकाल. मोकळा सायलेन्सर नको. पोलीस असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली घालतात, ओरिजिनल मिळाला तर तोच साफ करून लावा.