पहिली एअर रायफल घेताना

बाळा, शिकारीचा विषय आधीच मिटवतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे, तेव्हा निफाडच्या मळ्यात द्राक्षांवर येणाऱ्या पाखरांवरही नळी रोखायची नाही. नेमबाजीसाठी ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर मापाच्या नळीचीच घे. १० मीटरच्या स्पर्धा त्याच मापावर होतात. नळी वाकवून ताणायची स्प्रिंगची रायफल सुरुवातीला पुरते. फक्त ती घट्ट आवळू नकोस, डाव्या तळव्यावर नुसती टेकव, कारण स्प्रिंगचा झटका छरा बाहेर पडण्याआधीच येतो. छरे चपट्या तोंडाचे घे, कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. छरा न भरता रिकामी रायफल कधीच झाडू नकोस. आणि छरे शिशाचे असतात रे, हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला शिवायचं नाही.