फॉलिक अ‍ॅसिड 5 मिलिग्रॅम का, आणि बी-12 आधी का तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 31, उंची पाच फूट दोन इंच, वजन 84 किलो, पीसीओएससाठी (बीजांडकोश आणि हार्मोन्सची तक्रार) मेटफॉर्मिन चालू, घर पूर्ण शाकाहारी, आता बाळाचा विचार. डॉक्टरांनी फॉलिक अ‍ॅसिड 5 मिलिग्रॅम लिहून दिलंय, मैत्रिणीला मात्र 400 मायक्रोग्रॅमचं होतं. सासूबाई म्हणतात, "अंगानं चांगली भरलेली आहेस, तुला कशाला टॉनिक?" आणि नणंद अमेरिकेहून गमीज, म्हणजे चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, आणतेय.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. कोथरूडमध्ये औषधांच्या दुकानात काउंटरवर उभं राहून केस पिकले. डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. त्यांना काय विचारायचं तेवढं सांगते.

आधी सासूबाई. वजन जास्त म्हणजे पोषण भरपूर, हा समज आपल्याकडे पक्का आहे आणि तो साफ चुकीचा आहे. भात, पोळी, साखर, तेल यांनी वजन वाढतं, त्यातून बी-12 मिळत नाही आणि लोहही पुरेसं अंगी लागत नाही. व्हिटॅमिन डी चरबीत विरघळणारं आहे. ते शरीरातल्या चरबीत जाऊन लॉकरमध्ये ठेवल्यासारखं पडून राहतं, रक्तात कमीच दिसतं. लोहाचंही तसंच. वजन जास्त असलं की शरीरात बारीकशी सूज कायम असते. त्यामुळे हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि आतड्यातून लोह कमी शोषलं जातं. म्हणून गुटगुटीत दिसणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन नऊ असू शकतं. असे रिपोर्ट घेऊन आलेल्या बायका मी नेहमी बघते.

आता 5 मिलिग्रॅम. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते. पाळी चुकून, किट आणून, दोन रेघा दिसेपर्यंत ते काम उरकत आलेलं असतं, म्हणून ही गोळी आधीपासून घ्यायची. आईचं वजन जास्त असेल तर या नळीत दोष राहण्याचा धोका वाढतो. ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं 2018 मध्ये सांगितलं की बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) 30 किंवा जास्त असेल तर रोज 5 मिलिग्रॅम घ्यावं, गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून पहिल्या तिमाहीपर्यंत. तुमचा बीएमआय 34 च्या आसपास येतो, त्यामुळे डॉक्टरांनी काही भलतंच दिलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना मात्र साधारणपणे 400 मायक्रोग्रॅम सांगते. नुसत्या वजनासाठी साडेबारापट डोस हवाच का, यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही. मैत्रिणीच्या आणि तुमच्या चिठ्ठीतला फरक इथून आला.

माझं खरं सांगणं पुढे आहे. 5 मिलिग्रॅमची पहिली गोळी घ्यायच्या आधी बी-12 तपासून घ्या. तुम्ही शाकाहारी आहात आणि वर मेटफॉर्मिन चालू आहे. ते बरीच वर्षं घेतलं की बी-12 कमी होऊ शकतं. बी-12 कमी असताना फॉलिक अ‍ॅसिड भरपूर घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. हातापायाला मुंग्या आल्या की आपण म्हणतो, बसून बसून आल्या असतील.

आणि हा विषय आपल्या पुण्याचाच आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यात सुमारे दोन तृतीयांश आयांचं बी-12 कमी निघालं. फोलेट (फॉलिकचंच शरीरातलं रूप) कमी असलेली मात्र जेमतेम एक. ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी-12 कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद न देणं, सर्वांत जास्त दिसला. हे निरीक्षण आहे, एकामुळे दुसरं झालंच असं त्यातून सिद्ध होत नाही. पण पीसीओएस असलेल्या शाकाहारी बाईनं याकडे काणाडोळा करू नये. रिपोर्ट कमी आला तर डॉक्टर बी-12 सोबत देतील. मेटफॉर्मिन मात्र मनानं बंद करू नका.

काउंटरवर मला सगळ्यात जास्त दिसतो तो वेगळाच घोळ. एकीच्या पिशवीत तीन पाकिटं होती: 5 मिलिग्रॅमची फॉलिक अ‍ॅसिडची स्ट्रिप, फेरस अ‍ॅस्कॉर्बेटची लोहाची गोळी आणि महापालिकेच्या दवाखान्यातून मिळालेली लाल गोळी. लोहाच्या गोळीच्या मागे बारीक अक्षरात फॉलिक अ‍ॅसिड 1.5 मिलिग्रॅम, लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोहाबरोबर आणखी 500 मायक्रोग्रॅम. म्हणजे फॉलिक तीनदा आणि लोह दोनदा. तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी लिहून दिलेल्या, आणि कुणीच दुसऱ्याची चिठ्ठी बघितलेली नव्हती. डॉक्टरांकडे जाताना सगळ्या स्ट्रिप्स घेऊन जा, नुसती फाइल नको.

लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, मध्ये दोन तास जाऊ द्या. लोहाच्या आगेमागे चहाही नको, लिंबूपाणी चालेल. शौचाला काळं झालं तर घाबरू नका.

व्हिटॅमिन डीचं 60,000 युनिटचं सॅशे बहुतेक वेळा आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. रोज घेणारे आणि कोर्स संपल्यावर "बरं वाटतं" म्हणून चालू ठेवणारे, दोन्ही प्रकार मी पाहिलेत. तपासणी करून, डॉक्टर सांगतील तितकेच दिवस घ्या. जेवणासोबत घ्या, पण त्यासाठी वरून तुपाची धार नको.

राहता राहिलं वजन. गरोदरपणात डाएट करून ते उतरवायचं नसतं. बीएमआय 30 च्या वर असेल तर संपूर्ण नऊ महिन्यांत पाच ते नऊ किलो वाढ पुरेशी, असं अमेरिकेच्या 2009 च्या शिफारशीत आहे. तेव्हा "दोन जीवांचं खा" म्हणणाऱ्यांना हसून मान डोलवायची आणि वाटीभर डाळ जास्त घ्यायची.

आता नणंदेच्या गमीज. बऱ्याचशा गमीजमध्ये लोह नसतंच, त्यामुळे त्यांच्या भरवशावर गोळ्या सोडू नका. लेबलवर व्हिटॅमिन ए कोणत्या रूपात आहे ते बघा. बीटा कॅरोटिन असेल तर चिंता नाही. रेटिनॉल असेल तर सगळं मिळून दिवसाला 10,000 युनिटच्या वर जाता कामा नये, जास्त झालं तर बाळात दोष होऊ शकतो. कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूलही याच कारणासाठी नकोत. आणि मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल, पीसीओएसमध्ये ते बरेचदा दिलं जातं, तर बाळाचा प्रयत्न सुरू करण्याआधी हे डॉक्टरांना सांगा. ते बंद करून निदान महिना जावा लागतो.