उद्यापन नसलेले व्रत

“ताई, मी सगळे करून पाहिले, पण माझ्या शरीराला काहीच मानवत नाही. मला नेमके काय मानवते, हे कळणार तरी कसे?” इंदूरमधील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्या जणींनी आणि अलीकडे काही पुरुषांनीही विचारला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून एका बाईंची हकीकत सांगते. त्यांची संमती मी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा डिसेंबर होता. वय 37, घर रामबागेच्या बाजूला, एका शाळेत हिशेबाचे काम, घरी पती, सासूबाई आणि 9 वर्षांचा मुलगा. साऱ्याचा आरंभ 14 महिन्यांपूर्वीच्या एका रक्ततपासणीत होता. त्यांचे एचबीए1सी, म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, 5.9 आला होता. 5.7 ते 6.4 ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पातळी मानली जाते. डॉक्टरांनी थोडे वजन उतरवा, रोज चाला आणि तीन महिन्यांनी या, एवढेच सांगितले होते. परंतु ज्यांनी आपल्या आईला इन्सुलिनची सुई टोचून घेताना वर्षानुवर्षे पाहिले आहे, त्यांना ‘उंबरठा’ हा शब्द डॉक्टरांना ऐकू येतो तसा ऐकू येत नाही. त्या तीन महिन्यांनी गेल्याच नाहीत. त्यांनी मोबाइल उघडला.

प्रथम किटो झाले. हा आहार मुळात वजनासाठी नव्हताच; 1921 च्या सुमारास अमेरिकेत अपस्माराच्या रुग्णांसाठी तो योजला गेला आणि आजही औषधांना दाद न देणाऱ्या काही मुलांच्या फिट्सवर तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. त्यात दिवसभराचे कर्बोदक साधारण 50 ग्रॅमच्या आत ठेवावे लागते आणि आपल्या दोन पोळ्या व वाटीभर भात एवढ्यातच ती मर्यादा ओलांडली जाते. शाकाहारी घरात मग उरले काय, तर पनीर, खोबरेल तेल, लोणी आणि बदामाचे पीठ. वजन 71 वरून 64 वर आले, बद्धकोष्ठ जडले आणि चौथ्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत सगळे मोडले. त्यानंतर ग्लुटेन, म्हणजे गव्हातले एक प्रथिन, बंद झाले. मग धान्य, डाळी, दूध आणि साखर 30 दिवस पूर्ण वर्ज्य करण्याचा एक परदेशी कार्यक्रम, ज्याचा अर्धा भाग म्हणजे 30 दिवसांनंतर एकेक पदार्थ परत आणून पाहणे हा असतो. तो अर्धा भाग त्यांनी केलाच नाही. शेवटी 16 तास उपाशी राहून 8 तासांत खाण्याची पद्धत आली. त्यांच्या सासूबाई गेली काही वर्षे दोनच वेळा जेवतात आणि ठणठणीत आहेत, त्यामुळे या शेवटच्या प्रयोगाला घरातूनही विरोध झाला नाही.

यातली खरी मेख मला दुसऱ्या भेटीत उमगली. एक आहार सुटला, तरी त्याची बंदी मागे राहत असे. किटो गेले पण भाताची भीती राहिली, ग्लुटेनचा प्रयोग संपला पण पोळी परत आली नाही, 30 दिवस उलटले पण डाळींबद्दलचा संशय तसाच राहिला. मी त्यांना निर्धास्तपणे खाता येणाऱ्या पदार्थांची यादी करायला सांगितली, तेव्हा ती अकरा नावांवर थांबली. वजन मात्र परत 69 वर पोहोचले होते, केस मुठीने गळत होते आणि पाळी पुढे-मागे होऊ लागली होती.

तरीही त्या माझ्याकडे केसांसाठी आल्या नव्हत्या. मुलाने शाळेतून डबा तसाच परत आणला होता आणि विचारल्यावर म्हणाला होता, “आई, पोळी घाण असते ना?”

‘क्लीन ईटिंग’ हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्यातल्या ‘क्लीन’ला आपल्या भाषेत विरुद्धार्थी शब्द शोधला की तो ‘घाण’ असाच निघतो, आणि मुलाने तो बरोबर शोधला होता. या बाईंच्या आजी माळव्यात वाढलेल्या, सोवळे कडक पाळणाऱ्या. ओलेत्याने स्वयंपाक करायचा, कोणी शिवले तर पुन्हा आंघोळ. नातीने हे सगळे हसत हसत टाकून दिले होते आणि आता तिच्याच ओट्यावर नवे सोवळे मांडले गेले होते. तिची कढई वेगळी, तिचे तेल वेगळे, सासूबाईंनी फोडणीत हिंग घातला तर त्यात मैदा असेल म्हणून ती भाजी वर्ज्य. (इंदूरकरांना ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची सवय अंगवळणी पडली आहे, 2017 पासून सलग काही वर्षे स्वच्छतेत देशात पहिला आलेल्या शहराला ‘स्वच्छ’ या शब्दाचे वेड असणारच, पण ताटातही तशीच वर्गवारी सुरू झाली की अवघड होते.) अन्नाच्या शुद्धतेच्या ध्यासातून जगणेच आक्रसत जाते, त्या अवस्थेला स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकी डॉक्टरांनी 1997 मध्ये ‘ऑर्थोरेक्सिया’ असे नाव दिले. मानसोपचाराच्या प्रचलित सूचीत तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला नाही आणि मीही या बाईंवर तो शिक्का मारला नाही. मात्र त्या दिशेने त्या बऱ्याच पुढे गेल्या होत्या, हे त्यांना स्पष्ट सांगितले.

आहाराबद्दल एक शब्दही बोलण्यापूर्वी मी त्यांना फिजिशियनकडे पाठवले, आणि माझे म्हणणे आहे की असा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येकाने हे आधी करावे. हिमोग्लोबिन 9.6 निघाले, शरीरातला लोहाचा साठाही तळाला गेला होता. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 या वयोगटातील 57 टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आढळली होती, तेव्हा यात नवल काहीच नव्हते; नवल इतकेच, की थकवा, धाप आणि केसगळती या सगळ्याला बाई 14 महिने ‘गव्हाचा परिणाम’ समजत होत्या. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. लोहाच्या कमतरतेत एचबीए1सीचा आकडा प्रत्यक्षाहून थोडा जास्त दिसू शकतो, म्हणून त्यांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही पाहिली. ती सीमेच्या आत होती. ज्या एका आकड्याच्या भयाने हे सारे घडले, तो आकडा एकट्याने पूर्ण साक्षीदार नव्हता, हे ऐकून त्या बराच वेळ गप्प बसल्या.

ग्लुटेनचे प्रकरण मात्र अडले. सीलिअॅक नावाच्या आजारात ग्लुटेन खरोखरच आतड्याला इजा करते आणि गहू खाणाऱ्या आपल्या उत्तर व मध्य भारतात हा आजार दुर्मीळ नाही. त्याची रक्ततपासणी आहे, पण ती गहू खात असतानाच करावी लागते. आधीच गहू सोडला असेल, तर तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. म्हणजे पोळी मानवते की नाही हे कळण्यासाठी त्यांना काही आठवडे पोळी खाणे भाग होते. पहिल्या दिवशी अर्धी पोळी खाताना त्यांचे हात थरथरत होते, असे त्यांनी मला नंतर सांगितले. सहा आठवड्यांनी तपासणी झाली आणि ती नकारात्मक आली. तुम्ही गहू सोडण्याचा विचार करत असाल, तर सोडण्यापूर्वी ही तपासणी करून घ्या. नंतर फार त्रास पडतो.

यानंतर आहारतज्ज्ञांनी तीन वेळचे साधे जेवण ठरवले आणि मी त्यांच्या मनातल्या एका प्रश्नाला हात घातला. “माझ्यात संयमच नाही, दिवसभर डोक्यात खाणेच असते,” असे त्या वारंवार म्हणत. मी त्यांना 1944-45 मधल्या मिनेसोटा येथील प्रयोगाची हकीकत सांगितली. अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. हे तरुण स्वेच्छेने आलेले आणि मनाने खंबीर होते, तरीही काही आठवड्यांत त्यांच्या बोलण्यात, विचारात, स्वप्नात अन्नाशिवाय काही उरले नाही, आणि एरवी स्वयंपाकाशी संबंध नसलेले काही जण पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले. अर्धपोटी शरीर अन्नाचाच जप करते. त्यात चारित्र्याचा दोष नसतो, आणि पोट भरले नसताना शरीर देत असलेल्या संकेतांवरून काय मानवते हे ठरवताही येत नाही. भुकेल्या शरीराला पहिला घास बहुधा जडच वाटतो.

इथे माझीही एक चूक झाली. मी त्यांना नोंदवही दिली आणि तिच्यात सहा रकाने आखून दिले. हिशेबाचे काम करणाऱ्या बाईंना सहा रकाने देणे म्हणजे काय, हे मला आधी कळायला हवे होते. तीन आठवड्यांत त्या घास मोजू लागल्या, सासूबाईंच्या वाढण्याची वेळही टिपू लागल्या आणि वही हाच पाचवा आहार झाला. मी ती परत मागून घेतली. महिनाभर त्यांनी काहीही लिहिले नाही, फक्त वेळच्या वेळी जेवल्या; लोहाची गोळी चालू होती आणि जेवणासोबतचा चहा तासभर पुढे ढकलला होता, कारण चहा अन्नातले लोह शोषू देत नाही. पोह्यांवर लिंबू मात्र मनसोक्त पिळायला सांगितले, ते याच्या उलट काम करते.

मग एकेक गोष्ट तपासली. एका वेळी एकच बदल, तोही आठवडाभर, बाकी सारे जसेच्या तसे. चार गोष्टी एकदम सोडल्या आणि बरे वाटले, तर कशामुळे बरे वाटले हे कोणाला सांगता येणार? आतड्याच्या तक्रारींसाठी मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेला लो-फॉडमॅप आहारही याच पद्धतीने चालतो: थोडे आठवडे काही पदार्थ बंद, मग एकेक करून परत, आणि जे खरोखर त्रास देते तेवढेच बाजूला. हे मी समजावत असताना त्याच म्हणाल्या, “म्हणजे चातुर्मासासारखे?” मला हे सुचले नव्हते. कांदा, लसूण, वांगे आषाढात सोडायचे ते कार्तिकात परत घेण्यासाठीच. व्रताला पारणे असते, उद्यापन असते, दिवस मोजलेले असतात. त्यांच्या चारही आहारांना उद्यापन नव्हते.

निष्कर्ष साधेच निघाले. पोळीने काही होत नव्हते. नुसते पेलाभर दूध घेतले की पोट फुगत असे, पण दही आणि ताक चालत होते. दही लावताना जंतू दुधातली बरीच साखर पचवून टाकतात, त्यामुळे अनेकांचे असे असते. खरा गुन्हेगार मात्र ‘क्लीन’ यादीतलाच निघाला. रोज रात्री मोठा वाडगाभर कच्ची कोबी आणि मोड आलेले हरभरे त्या ‘शुद्ध’ म्हणून खात होत्या आणि रात्रभर पोट धरून झोपत होत्या. तीच कोबी परतून आणि तेच हरभरे शिजवून, थोड्या प्रमाणात, दुपारी खाल्ले तेव्हा त्रास जवळजवळ गेला. सकाळी कपभर स्मूदी घेतलेल्या दिवशी त्या 11 वाजता गळून जात. मुगाचे धिरडे किंवा दाणे घातलेले पोहे आणि दही घेतलेल्या दिवशी तसे होत नसे. ज्वारीची भाकरी त्यांना विशेष मानवली, आणि त्यात अर्थ आहे, कारण आजीच्या घरी हिवाळाभर तीच होती. आयुर्वेदात याला ओकसात्म्य म्हणतात, म्हणजे दीर्घ सवयीने अंगवळणी पडून सोसू लागलेले अन्न. मी वैद्य नाही, पण ‘मला काय मानवते’ या प्रश्नाचा निम्मा भाग आपण लहानपणी काय खात होतो इथे दडलेला असतो, असे मला या कामात पुन्हा पुन्हा दिसले आहे.

सासूबाईंना दोन जेवणे मानवतात, सुनेला मानवत नाहीत, यात कोणाचेच चुकत नाही. सासूबाई साठीच्या पुढच्या, दुपारी झोपणाऱ्या आणि रात्री आठला निजणाऱ्या. सून सकाळी साडेसहाला घर सोडणारी, दर महिन्याला रक्त गमावणारी.

एका शनिवारी त्या पतीसोबत रात्री दहाला सराफ्यात गेल्या, पावणेदोन वर्षांनी. सोन्याची दुकाने मिटल्यावर तिथे खाण्याची दुकाने मांडली जातात हे इंदूरकराला सांगायला नको. थंडी सरत आली होती तरी गराडू, म्हणजे तळलेला कंद, अजून मिळत होता. त्यांनी जिरावण, म्हणजे इंदुरी मसाला, घातलेली अर्धी प्लेट खाल्ली, उरलेली पतीला दिली आणि दुसऱ्या दिवशी उपास केला नाही. माझ्या दृष्टीने हा उपास न करणे रक्ताच्या अहवालापेक्षा मोठे होते.

अहवालही सांगते, कारण वाचणारे विचारतील. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.8 झाले, एचबीए1सी 5.7 आले, वजन 67 वर स्थिरावले. 64 नाही. त्याची खंत त्यांना अजून आहे आणि ती नाही असे मी लिहिणार नाही. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालणे चालू आहे, तपासणी दर सहा महिन्यांनी आहे. ज्यांची पाळी थांबली आहे, वजन वेगाने घसरते आहे, किंवा खाऊन मुद्दाम उलटी करण्यापर्यंत गोष्ट गेली आहे, त्यांनी मात्र असे प्रयोग घरी करू नयेत. त्यांना मानसोपचारतज्ज्ञांची गरज आहे आणि ती लवकर आहे.

शेवटच्या भेटीच्या आदल्या दिवशी कांदेनवमी झाली होती. सासूबाईंनी भजी तळली, मुलाने मोजून नऊ खाल्ली, आणि मग सासूबाईंनी विचारले की यंदा सूनबाई चातुर्मासात काही सोडणार का. “मी काय सांगितले असेल?” त्यांनी मला विचारले. मी म्हटले, मला ओळखता येणार नाही. “यंदा नको म्हटले,” त्या म्हणाल्या. “म्हटले, आई, माझे आत्ता कुठे पारणे चालू आहे.”