सायन्स म्युझियमसाठी मुलांनी हाताळायचे एक्झिबिट्स डिझाइन करण्यात करिअर करता येतं का?

हो, येतं. तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहात, कल्याणला राहता, आयटीत जायचं मनात नाही, आणि शाळेच्या सहलीत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात पाहिलेल्या वस्तू नक्की कोण बनवतं हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. मी मुंबईत हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नेहरू विज्ञान केंद्र राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचं आहे आणि परिषदेच्या केंद्रांना स्वतःची वर्कशॉप्स असतात. क्युरेटर, आर्टिस्ट, फिटर, सुतार, इलेक्ट्रिशियन एकाच आवारात काम करतात. आयटीआय, डिप्लोमा, डिग्री अशा वेगवेगळ्या पात्रतेच्या जागांच्या जाहिराती निघतात. जागा थोड्या असतात, पण लक्ष ठेवा. दुसरा रस्ता खाजगी डिझाइन स्टुडिओ आणि फॅब्रिकेटर, म्हणजे वस्तू प्रत्यक्ष बनवून देणारे, यांचा. माझा तोच. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ साली मुलांचं संग्रहालय सुरू झालं, २०२३ मध्ये लोअर परळला म्युझियम ऑफ सोल्यूशन्स आलं. मुलांसाठी अशा जागा आपल्या शहरात उभ्या राहताहेत याचा मला मनापासून आनंद आहे.

आता मुख्य गोष्ट. मुलाने काहीतरी बदललं की समोरच्या वस्तूने त्याला उत्तर दिलं पाहिजे. बटण दाबलं आणि फिल्म सुरू झाली, याला मी एक्झिबिट म्हणत नाही. कप्प्यांच्या, म्हणजे पुलीच्या, खुर्च्या आठवा. खुर्चीत बसून दोरी ओढायची आणि स्वतःलाच वर उचलायचं. एका खुर्चीला कप्प्या कमी, दुसरीला जास्त. पहिलीत मूल दमतं, दुसरीत अलगद वर जातं. पण दुसरीत दोरी कितीतरी जास्त ओढावी लागते, आणि हे डोक्याच्या आधी हातांना कळतं. ताकद कमी लागली त्याच्या बदल्यात काय द्यावं लागलं, हा प्रश्न फलक न वाचताही मुलाच्या मनात उभा राहतो. फ्रँक ओपनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम सुरू केलं ते याच विचाराने. तिथलं वर्कशॉपही लोकांना पाहता येईल असं उघडं ठेवलं होतं. त्यांच्या वेबसाइटवर घरी करता येतील अशा छोट्या कृती फुकट मिळतात. त्यातल्या काही करून बघाच.

कागदावरचं डिझाइन हा कामाचा छोटा भाग. पुठ्ठा, प्लाय, चिकटपट्टी वापरून कच्चा नमुना करायचा, मुलांसमोर ठेवायचा आणि बाजूला उभं राहून गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार अवघड असतं. मूल चुकीचा दांडा ओढतं, आपल्याला सांगावंसं वाटतं, पण सांगायचं नाही, कारण उद्या तिथे सांगायला आपण नसणार. डिसेंबर-जानेवारीत सहलींच्या दिवसांत हॉलमध्ये जाऊन उभे राहा. एका एक्झिबिटभोवती वर्गातली अर्धी मुलं, मागून बाईंचं ‘चला, पुढे चला’. फलक कुणी वाचत नाही, हात आधी जातो. एकाच्या हातात चाक असतं आणि बाकीचे बघत असतात. म्हणून होणारा परिणाम मागच्या रांगेतल्या मुलालाही दिसेल एवढा मोठा हवा, आणि शक्य असेल तर काम दोघा-तिघांनी मिळूनच करता येईल असं हवं. फलकाची सुरुवात व्याख्येने करू नका. ‘चाक फिरवा. चेंडू कुठे थांबतो?’ एवढं पहिल्या ओळीत पुरतं, आणि तेही आधी मराठीत लिहा. इंग्रजीवरून उतरवलेला मराठी फलक मुलांना परका वाटतो, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग येतं मटेरियल. मुंबईत हवा हा तुमचा कायमचा भागीदार आहे. व्हॅन डी ग्राफ जनरेटरला हात लावला की केस उभे राहतात, पण जुलैत दमट हवेमुळे विद्युतभार टिकत नाही आणि केस जागचे हलत नाहीत. त्या खोलीत हवा कोरडी ठेवायची सोय ड्रॉइंगमध्येच धरावी लागते. प्लाय फुगतो, साधं लोखंड पावडर कोटिंगच्या चिरेतून गंजतं. फिरत्या भागांत बोट अडकू नये म्हणून ८ ते २५ मिलिमीटरची फट शक्यतो ठेवत नाहीत. बेअरिंग, दोरी, हँडल हे पंधरा मिनिटांत बदलता यावं. बंद पडलेल्या एक्झिबिटवर ‘दुरुस्ती चालू आहे’ची पाटी लागते, आणि लांबून आलेल्या मुलाला ती वस्तू पुन्हा बघायला मिळेलच असं नसतं. माझ्या मते देखभाल सोपी असणं हा डिझाइनचाच भाग आहे, पण टेंडरमध्ये त्याला फार कमी जागा मिळते.

शिक्षणाचं म्हणाल तर डिग्रीनंतर सीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन पवईच्या आयआयटीत आयडीसी या डिझाइन विभागात शिकता येतं. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत एक्झिबिशन डिझाइन शिकवलं जातं. मेकॅनिकल असल्याचा तुम्हाला फायदाच आहे. पण त्याआधी एखाद्या फॅब्रिकेटरकडे काही महिने काम करा. नागदेवीला बेअरिंग-नटबोल्ट आणि लॅमिंग्टन रोडला मोटर-सेन्सर स्वतः जाऊन घ्या, दुकानदारांना प्रश्न विचारा. पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात पुलंच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिलेली मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिथे अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करत केवढं विज्ञान उभं केलं, ते नीट अभ्यासा.

पैशाचं स्पष्ट सांगते: कामं प्रोजेक्टवर मिळतात आणि बिलं उशिरा निघतात. सुरुवातीची काही वर्षं घरचा थोडा आधार लागेल.

मुलाखतीला जाताना नुसती रेंडर्सची, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्रांची, फाइल नेऊ नका. हातात घेता येईल अशी एक चालती वस्तू न्या, आणि सोबत तिच्या आधीच्या फसलेल्या नमुन्यांचे फोटो. मी नवीन मुलांना कामावर घेताना पहिला प्रश्न हाच विचारते: मुलांसमोर ठेवल्यावर तुम्ही यात काय बदललंत?