डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, फिजिओ सगळ्यांना प्रायमरी केअरवर चर्चेला एकत्र बसवून खरंच काही होतं का?

होतं की, पण कसं बसवता त्यावर आहे सगळं. "आरोग्यसेवा सुधारूया" असला मोघम विषय ठेवलात तर नुसती भाषणं होतील. त्यापेक्षा एका पेशंटची केस समोर ठेवा (नावगाव काढून, प्लीज). समजा 70 च्या पुढच्या आजी आहेत, शुगर, बीपी, गुडघेदुखी, ढीगभर गोळ्या चालू आणि मध्ये दोनदा पडल्यात. आता डॉक्टर शुगर-बीपीचे आकडे बघणार, फार्मासिस्ट म्हणणार अहो झोपेच्या गोळीने तोल जात असेल आणि ती गुडघ्यासाठी स्वतःच आणून खातात ती पेनकिलर बीपी वाढवते, किडनीलाही वाईट, फिजिओ पायातली ताकद बघायला सांगणार, आणि घरी जाणारी नर्स हळूच सांगणार की आजी सकाळच्या गोळ्या घेतच नाहीत. ही शेवटची माहिती बाकी कोणाकडे नसतेच!

म्हणून माझं मत, सगळ्यात सिनियर डॉक्टरला शेवटी बोलू द्या. ते आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात, मग कसली चर्चा.

बाकी ही आयडिया काही नवी नाही, 1978 च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यातच (प्रायमरी केअर म्हणजे प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा जाहीरनामा) डॉक्टर, नर्स, सुईणी, गावपातळीवरचे कार्यकर्ते यांनी टीम म्हणून काम करावं असं लिहिलंय. आणि हो, उठण्याआधी कोण काय करणार ते नावानिशी लिहून घ्या, नाहीतर पेशंटला फोन करायचं काम प्रत्येकाला दुसऱ्याचं वाटतं.