आधी कॅप की आधी इम्प्लांट?

प्रश्न : माझे वय ५४ वर्षे असून मला मधुमेह आहे. खालची उजवी पहिली मोठी दाढ आठ महिन्यांपूर्वी काढावी लागली. तिच्या मागच्या दाढेचे रूट कॅनल दोन महिन्यांपूर्वी झाले. परंतु रिकाम्या जागी इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचे कृत्रिम मूळ) करायचेच असल्याने दोन्ही कॅप एकदमच बसवाव्यात, म्हणून मी थांबले आहे. हे योग्य आहे का? की ब्रिज (शेजारच्या दोन दातांवर कॅप बसवून मध्ये जोडलेला कृत्रिम दात) करून घ्यावा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही कॅप एकत्र करण्याची आपली कल्पना चांगली आहे, परंतु त्यासाठी रूट कॅनल झालेली दाढ तशीच ठेवणे धोक्याचे आहे. किडीमुळे आणि उपचारासाठी कोरल्यामुळे अशी दाढ आतून पोकळ झालेली असते, चावताना तिच्या उरलेल्या भिंतींवर ताण येतो, आणि भेग दाढेच्या मुळापर्यंत उतरली तर रूट कॅनल उत्तम होऊनही दाढ बहुधा काढावीच लागते. शिवाय तात्पुरते सिमेंट झिजले की लाळेतील जंतू पुन्हा आत शिरतात. म्हणून याच आठवड्यात आत पक्के फिलिंग करून त्यावर तात्पुरती कॅप बसवून घ्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

इम्प्लांटला थोडी सवड असते, पण फार नाही. दात काढल्यावर तेथील हाड पहिल्या वर्षात सर्वाधिक झिजते, मागची दाढ रिकाम्या जागेकडे कलू लागते आणि वरची दाढ खाली उतरू शकते. इम्प्लांट हाडाशी थेट जुळत असल्याने ते नंतर सरकवता येत नाही. त्यामुळे शेजारची दाढ किती कलली आहे, हे आधीच पाहिले पाहिजे. थोडा कल कॅपच्या आकाराने झाकता येतो, जास्त असल्यास दाढ तारेने सरळ करावी लागते. हाडाची रुंदी आणि खालच्या नसेपर्यंतचे अंतर सीबीसीटी स्कॅनमध्ये (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेमध्ये) कळते.

खालच्या जबड्यात इम्प्लांट हाडाशी जुळायला साधारण ३ महिने लागतात. तोवर तात्पुरती कॅप सांभाळावी, ती सैल झाल्यास लगेच चिकटवून घ्यावी आणि मग दोन्हींचे माप एकत्र द्यावे. त्यामुळे दोन कॅपमधला स्पर्श नेमका साधणे सोपे जाते आणि तेथे अन्न अडकत नाही. मात्र खर्चामुळे इम्प्लांट वर्षभर लांबणार असेल, तर मागच्या दाढेची कायमची कॅप आताच करा. इम्प्लांटची कॅप पुढे तिच्या आकाराशी जुळवून घडवता येते.

पुढची छोटी दाढ निरोगी असेल, तर ब्रिजसाठी ती घासणे मला पटत नाही. तिलाही मोठे फिलिंग असून कॅपची गरज असेल, तर ब्रिजचा विचार रास्त ठरेल. शस्त्रक्रियेपूर्वी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) तपासून साखर आटोक्यात आणावी, मिश्री किंवा तंबाखूची सवय असल्यास ती थांबवावी, आणि हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळ्या वा इंजेक्शने घेत असाल, तर दंतवैद्यांनी विचारले नाही तरी ते त्यांना सांगावे.